बॅटरीवरचं हळदीकुंकू

मुंबईच्या थंडीने कुणाचं काही अडलं असं सांगितलं तर लोक हसतात. आमच्या कार्यालयातले नाशिकचे एक सहकारी दर जानेवारीत आमच्या स्वेटरांकडे बघून गालातल्या गालात हसायचे, आणि त्यांच्याबरोबर मीही हसायचो. पण एका जानेवारीत, भल्या पहाटे, अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत आमच्या इमारतीखाली माझी गाडी सुरू होईना, तेव्हा मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो इतका घाबरलो. ज्या दत्तमहाराजांचं नाव लहानपणापासून घेत आलो, त्यांच्याविषयी त्या वेळी माझ्या मनात आलेले शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. ते आले होते, एवढं मात्र कबूल केलंच पाहिजे.

माझ्या पत्नीच्या दोन्ही किडन्या त्याच्या पाच वर्षं आधी निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, हाताच्या शिरा सुजलेल्या, पायऱ्या चढताना प्रत्येक मजल्यावर थांबणं, हे सगळं आमच्या घरात जेवणाखाणाइतकं रोजचं झालं होतं. माझी किडनी तिला जुळली नाही. मूल आम्हाला नाही. म्हणून रुग्णालयाच्या यादीत नाव घातलं आणि वाट बघू लागलो. त्याआधीच्या दिवाळीच्या सुमारास डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तिच्या हाताच्या शिरा आता डायलिसिसला फार दिवस साथ देणार नाहीत. ती मात्र हे कळूनही निवांत होती. मीच रात्रंदिवस धुमसत होतो. इतकी वर्षं गुरुवार केला, पारायणं केली, कुणाचं वाकडं केलं नाही, मग आमच्याच वाट्याला हे का, असा हिशेब मी देवापुढे मांडत असे. पूजा चालूच होती, पण ती पूजा कमी आणि स्मरणपत्र जास्त होतं. तीस वर्षं सरकारी फायली हाताळलेला माणूस मी. देवालाही स्मरणपत्रंच पाठवणार.

आणि त्या दिवशी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी फोन आला. रुग्णालयातल्या बाई शांतपणे बोलत होत्या. किडनी उपलब्ध होत आहे, पेशंटला काही खायला-प्यायला देऊ नका, साडेसहाच्या आत परळला पोहोचा, रक्ताची तपासणी करायची आहे, उशीर झाला तर यादीतल्या पुढच्या पेशंटला बोलवावं लागेल. पाच वर्षांतला हा पहिला फोन. घाईघाईत तिच्या रिपोर्टांच्या फायलीची पिशवी माझ्या हातून दोनदा खाली पडली. हिने मात्र शांतपणे केस विंचरले, शाल घेतली, देवापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "चला."

वीस मिनिटांत आम्ही खाली गाडीत बसलो होतो. किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. काचेवर दव साचलं होतं आणि माझ्या कपाळावर घाम. थंडीने इंजिन गारठलं असेल अशी मी स्वतःची समजूत घातली आणि तरुणपणी स्कूटरवर शिकलेले सगळे उपाय करून पाहिले. ॲक्सिलरेटर दहा वेळा दाबला. किल्ली काढून फुंकर मारून पुन्हा घातली. गिअर टाकून बघितला, काढून बघितला. ढकलून सुरू करावी तर गाडी भिंतीला नाक लावून उभी, आणि मागे चढ. "अहो, टॅक्सी बघा ना," ही म्हणाली. मी तिच्यावर खेकसलो, "आत्ता होईल सुरू. एवढी वर्षं कधी दगा दिलाय का हिने?" खरं तर तिचं तेव्हाच ऐकायला हवं होतं. पण या गाडीनेच तिला न्यायचं असं मी मनाशी धरून बसलो होतो, आणि त्या हट्टापायी दहा मिनिटं गेली. शेवटी मोबाइलवर टॅक्सी मागवली. पहिल्याने स्वीकारून रद्द केली. दुसऱ्याचा ठिपका एकाच जागी उभा राहिला तो हलेचना. मोठा रस्ता चालत दहा-बारा मिनिटांवर, आणि हिला तर फाटकापर्यंत जातानाच धाप लागते.

मग मी गाडीचं बॉनेट उघडलं. उघडून काय केलं, तर बॅटरीला नमस्कार केला आणि परत लावलं. आज हे लिहिताना मलाच हसू येतं. पण त्या वेळी ते सोडून दुसरं काही मला सुचत नव्हतं. गाडीवर दोन्ही हात टेकून मी नाव घ्यायचा प्रयत्न करत होतो आणि ओठांवर नाव येण्याऐवजी भांडणच येत होतं. देणार नव्हतास तर फोन तरी कशाला केलास, असं मी मोठ्याने म्हणालो. हिने ते ऐकलं. तिने काच खाली करून माझ्या मनगटावर हात ठेवला. तो हात बर्फासारखा गार होता.

त्याच वेळी वसाहतीच्या गल्लीत एक शाळेची व्हॅन शिरली. आमच्या वसाहतीतल्या इमारती सगळ्या एकसारख्या, एकाच पिवळ्या रंगाच्या; नवा माणूस इथे हमखास चुकतो. व्हॅन पुढे गेली, मागे आली, आणि आमच्यासमोर थांबली. चालवणारी बाई चाळिशीची असेल. अंगात पंजाबी ड्रेस, त्यावर पुरुषी स्वेटर, डोक्याला मफलर. मागच्या सीटवर दोन मुली दप्तरांवर डोकं ठेवून झोपल्या होत्या. तिने एका इमारतीचा नंबर विचारला. नवीन मुलगी घ्यायची होती, आज पहिलाच दिवस, आणि ती तीनदा चुकली होती. मी उत्तर द्यायच्या मनःस्थितीत नव्हतो. मी नुसता हात हलवला. तिने माझ्याकडे नीट बघितलं, मग गाडीत शाल गुंडाळून बसलेल्या हिच्याकडे बघितलं, आणि व्हॅन बंद न करताच खाली उतरली.

"काय झाला काका? स्टार्ट नाय होत?"

मी काय सांगितलं ते मला धड आठवत नाही. किडनी, परळ, साडेसहा, असं तुटक काहीतरी. तिने घड्याळ बघितलं. "पाच मिन्टं देते गाडीला. नाय झाली तर काकूंना माझ्या व्हॅनमध्ये टाकू, पोरींना शाळेत जरा उशीर होईल, होऊ दे. आधी सांगा, सेल मारल्यावर किर्रर्र करते की नुसता टक?" नुसता टक, मी म्हणालो. "मग बरंय. इंजिनात काय नाय. करंट पोचत नाय." तिने मला हेडलाइट लावून किल्ली फिरवायला सांगितलं. भिंतीवर पडलेला उजेड किल्लीबरोबर एकदम मेला. तिने मान डोलावली आणि बॉनेट उघडलं. मोबाइलची टॉर्च आत धरली आणि तशीच थांबली.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. यादीत हिचं नाव घातलं त्या आठवड्यापासून मी दर गुरुवारी गाडीची पूजा करत होतो. दसऱ्याला गाडीला हार सगळेच घालतात. मी त्यावर थांबलो नाही. बॅटरी म्हणजे गाडीचा प्राण, आणि फोन येईल त्या दिवशी हिचा प्राण याच गाडीतून वाचायचा आहे, असा विचार करून मी दर गुरुवारी बॅटरीच्या दोन्ही टोकांना हळदीकुंकू वाहत असे आणि वर पळीभर तीर्थ सोडत असे. नारळ फोडला की त्याचंही पाणी. गॅरेजवाल्याला मी बजावून ठेवलं होतं की बाकी सगळं पूस, पण तिथे हात लावायचा नाही. तोही बिचारा देवभोळा, त्याने कधी लावला नाही. ही मला चिडवायची, "अहो, बॅटरीची मळवट भरलेली सवाष्ण केलीत हो." टॉर्चच्या उजेडात आता तिथे लाल, पिवळा आणि पांढरट असा जाड पापुद्रा दिसत होता. तारेची पकड कुठे आणि कुंकू कुठे ते कळत नव्हतं.

"काका, हे देवाचं आहे," ती बाई हळू आवाजात म्हणाली. "ह्याच्यामुळेच करंट अडलाय. खरवडायला लागेल."

वेळ चाललेला दिसत होता आणि तरी माझ्या तोंडून हो निघेना. पाच वर्षांचे गुरुवार त्या पापुद्र्यात होते. माझी सगळी स्मरणपत्रं तिथे चिकटली होती. ते खरवडलं तर आपण देवाला मागितलेलंच मागे घेतोय अशी भीती मला वाटली. हिचं काही वाईट झालं तर त्याचं कारण हेच असेल, असंही मनात येऊन गेलं. त्या बाईने व्हॅनमधल्या हत्यारांच्या पेटीतून दहा नंबरचा पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा काढला, पण स्वतः हात लावला नाही. पेपर माझ्यापुढे धरून म्हणाली, "तुमची पूजा आहे, तुम्हीच काढा. मी सांगते तसं करा." गाडीतून हिचा आवाज आला, दमलेला पण स्वच्छ: "काढा हो. महाराज काय त्या बॅटरीवर बसलेत का?"

किल्ली काढून घेतली. आधी काळी तार सोडवली, मग लाल. तिने तिच्या थर्मासमधलं गरम पाणी थोडं थोडं ओतलं आणि मी घासू लागलो. लाल पाणी माझ्या बोटांवरून खाली गळत होतं. मला रडू आवरेना. कुणाला दिसू नये म्हणून मी मान बॉनेटमध्ये आणखी खाली घातली. घासता घासता केव्हातरी माझ्या मनातलं भांडण थांबलं. मागणंही थांबलं. मला आता काही कळत नाही, तुम्हाला करायचं ते करा, इतकंच मी आत म्हणालो. असं निमूटपणे मी देवाशी त्याआधी कधी बोललो नव्हतो. खालून शिशाचा राखाडी चकचकीत रंग दिसू लागला तेव्हा ती म्हणाली, "बास." तिने कोरड्या फडक्याने सगळं पुसलं, तारा घट्ट आवळल्या, व्हॅन जवळ आणून आपल्या बॅटरीवरून वायर जोडली आणि मला बसायला सांगितलं. मी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

"आता परळपर्यंत बंद पडू देऊ नका. सिग्नलला रेस धरून ठेवा," ती वायर गुंडाळत म्हणाली. मी हात जोडले तर तिने माझे कुंकवाने माखलेले हात बघितले आणि फडकं पुढे केलं. "अहो काका, ही नंबरवाली बिल्डिंग खंय ता तरी सांगा, ती पोर खाली थांबली असेल." ती शेजारचीच इमारत होती.

परळपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही, फक्त सिग्नल आठवतात. प्रत्येक लाल दिव्याला मी तिने सांगितल्याप्रमाणे रेस धरून ठेवत होतो. सहा पंचवीसला आम्ही रुग्णालयाच्या दारात होतो. गाडी तशीच चालू ठेवून मी हिला व्हीलचेअरवर बसवलं आणि ती आत गेल्यावर मग गाडी बंद केली. रक्त जुळलं. संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली.

ती व्हॅनवाली बाई कुठे अदृश्य वगैरे झाली नाही. तिचं नाव शुभांगी, राहायला घोडपदेवला, आणि अजून रोज पहाटे आमच्या वसाहतीत व्हॅन घेऊन येते. एकदा तिला चहाला वर बोलावलं आणि मी भीत भीत म्हणालो की त्या दिवशी तिला महाराजांनीच पाठवलं. ती मोठ्याने हसली. "काका, मला रस्ता चुकायची सवय आहे, त्यात महाराजांना कशाला ओढता?" मी वाद घातला नाही. मला जे वाटतं ते वाटतं, आणि तिचं म्हणणंही खोटं नाही.

पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे. शस्त्रक्रिया चालू असताना मी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. समोर एक कुटुंब होतं. एक म्हातारे गृहस्थ, त्यांची सून असावी, आणि आणखी चारपाच माणसं. त्या बाईच्या मांडीवर पुरुषाचं घड्याळ आणि चष्मा होता. ज्याची किडनी हिला मिळत होती त्याचं हे कुटुंब की दुसरं कुठलं, मला कुणी सांगितलं नाही, आणि ते विचारायचं नसतं. पण त्या क्षणी मला प्रथमच कळलं की पाच वर्षं दर गुरुवारी मी जे मागत होतो, ते कुणाच्या तरी घरातून उचलूनच मला मिळणार होतं. मला तिथे बसवेना. मी उठलो आणि त्या म्हाताऱ्या गृहस्थांना वाकून नमस्कार केला. त्यांना वाटलं मी कुणी ओळखीचा आहे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आता मी गुरुवारी देवापुढे बसतो, पण मागत काही नाही. पूर्ण जमलंय असं नाही. सवय जुनी आहे, मधूनच जीभ वळवळते. तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज येतो. पाच वर्षं हिने पाणी मोजून प्यायलं, उन्हाळ्यात बर्फाचा खडा चघळून दिवस काढले. आता डॉक्टरांनी दिवसाला तीन लिटर सांगितलंय. ती उकळून गार केलेलं पाणी तांब्यात ओतते, उभ्यानेच घटाघटा पिते, आणि पदराला तोंड पुसते. तो आवाज ऐकला की मी डोळे मिटतो आणि ज्यांचं नाव मला माहीत नाही त्या घरातल्या माणसांसाठी हात जोडतो.