खंडेनवमीची फटफटी

माझी फटफटी चालू होईना, तेव्हा इतवारीतल्या आमच्या गल्लीत कारण सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मला. त्या दसऱ्याच्या दुपारी माझं डोकं जे फिरलं, ते आजही पुरतं जागेवर आलंय असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. मी विशीतला, तापट आणि बेकार. कामठीला एका मँगनीज कंपनीचं ऑफिस होतं. त्यांच्या खाणी जंगलात लांबलांब पसरलेल्या. त्यांवर फिरायला माणूस हवा होता आणि त्याच्याकडे स्वतःची फटफटी हवी होती. साहेबाने मला बजावलं होतं, दसऱ्याला दिवस मावळायच्या आत गाडी घेऊन ये आणि चालवून दाखव. रात्रीच्या मेलने तो मुंबईला निघणार होता, आणि मी आलो नाही तर दुसरा उमेदवार तयारच होता. दोन वर्षं घरी बसून खाल्ल्यावर मला ती नोकरी हवीच होती.

फटफटी मला विलायतेला परतणाऱ्या एका इंजिनीअरने जवळजवळ फुकट दिली होती. का दिली ते मला पहिल्या आठवड्यातच समजलं. शर्यतीच्या जातीचं तिचं इंजिन आतली हवा इतकी गच्च दाबायचं की मी किकवर अख्खा उभा राहिलो तरी ती खाली जायची नाही. तिला चालू करणं म्हणजे सोवळ्यातला स्वयंपाक. आधी पेट्रोलची तोटी, मग कार्बोरेटरची घुंडी, मग ठिणगीचा दांडा मागे. त्यानंतर डाव्या मुठीखालचा छोटा खटका दाबायचा. तो दाबला की इंजिनात कोंडलेला दम सुटायचा आणि किक हलकी जायची. ती जागेवर आली की खटका सोडायचा आणि सगळा जीव एकवटून लाथ घालायची.

यात जरा चुकलं की किक उलटी फिरून नडगीवर बसायची. एकदा पाय असा सुजला की आई रोज आंबेहळद लावत होती. तेव्हापासून मी गाडीला हात घातला की ती दारात येऊन बसायची. नुसती माझ्या हातांकडे पाहत राहायची.

ही नोकरी आईच्या मनात आहे की नाही, याचा मला पत्ता लागत नव्हता. माझा थोरला भाऊ जंगलखात्यात लागला होता. तिकडचा ताप घेऊन घरी आला आणि आठवड्याभरात गेला. मी खाणीचं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तिकडंच काहून गा?" आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी गोधडी शिवायला बसली. यातून मी काय समजायचं होतं?

खंडेनवमीला आमच्याकडे विळी, अडकित्ता आणि भावाची कुऱ्हाड पुजायचे. त्या वर्षी आईने फटफटीही पुजली. टाकीवर हळदकुंकू वाहिलं आणि हँडलला या मुठीपासून त्या मुठीपर्यंत झेंडूचा भरगच्च हार गुंडाळला. "सीमोल्लंघन होईस्तोवर हाराले हात लावू नोको," असं तिने मला बजावलं. साहेबासमोर नवरदेवाच्या घोड्यावर बसून जावं लागणार म्हणून मी कुरकुरलो, पण ऐकलं.

दसऱ्याला जेवण उरकून मी किक मारली. पाय सरळ खाली गेला. पुन्हा मारली, पुन्हा तसाच. कालपर्यंत अंगावर येणारी गाडी आज गाय होऊन बसली होती. प्लग काढून पाहिला, ठिणगी चांगली निळी पडत होती. पेट्रोल येत होतं. हारात हात खुपसून खटका दाबला, सोडला, पुन्हा दाबला, पण त्या फुलांच्या गचपणात हाताला काय लागतंय तेच समजेना. सगळं जागच्या जागी, आणि गाडी मेलेली. इंजिनच खलास झालं म्हणावं, तर काल पूजेच्या आधीच मी तिच्यावरून तेलंगखेडीला जाऊन आलो होतो.

समोरचा भांड्यांचा दुकानदार येऊन म्हणाला, "पेट्रोल शिळं झालं असन तुमचं." दुसऱ्याने नजर लागल्याचं सांगितलं. तिसरा म्हणाला, ढकलून पाहा. ऊन कलायला लागलं होतं, म्हणून ढकलायचं ठरलं.

आई पदर खोचून पुढे आली. मी नको म्हणालो तर "सरक बाजूले," म्हणाली आणि मागून जोर लावला. हातगाड्या चुकवत आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. ती दात आवळून रेटत होती, तिला धाप लागली होती, तरी थांबेना. इंजिनातून नुसता फुसफुस आवाज येत होता. दारापाशी आल्यावर ती पाणी आणायला आत गेली आणि माझा संताप अनावर झाला. गेली ती नोकरी, असं म्हणत मी हार ओरबाडला.

खाली पूजेचा लाल दोरा होता. डावी मूठ आणि तो खटका एकत्र आवळून वेढ्यावर वेढे घेतलेले आणि वर घट्ट गाठी. खटका दाबलेलाच होता. म्हणजे काल पूजा झाल्यापासून इंजिनाचा दम सुटलेलाच होता, आणि असा दम सुटलेला असताना ती गाडी जन्मात चालू झाली नसती. मी दुसरी मूठ पाहिली, गाडीचा पुढचा दिवा पाहिला. दोरा आणखी कुठेच नव्हता.

मी तसाच उभा राहिलो. देवाचा दोरा सहज तिथे बांधला गेला? की किक माझ्या पायावर उलटू नये म्हणून बांधला? की मी जाऊच नये म्हणून? पण मग आत्ता जीव तोडून ढकलणारी कोण होती? मला आईचा राग आला, आणि राग कशाचा आला तेही समजेना.

चाकूने दोरा कापून मी खिशात कोंबला आणि फुलं पुन्हा सारखी केली. किक मारली. पहिली उलटली, दुसरीला सगळी गल्ली हादरली. आई गडू घेऊन बाहेर आली.

"लागली चालू?"

"कचरा अडकला होता," मी म्हणालो.

तिने हाराकडे पाहिलं नाही. माझ्या हातावर दहीसाखर घातली आणि सावकाश जा म्हणाली. मी वेळेत पोहोचलो. नोकरी मिळाली.

वर्ष जंगलात काढून पुढच्या नवमीला मी घरी आलो. तापाने मला धरलं नव्हतं. आईने फटफटीला हळदकुंकू वाहिलं, लाल दोरा घेतला आणि तो दिव्याला बांधायला लागली. मी बाजूला उभा होतो.

"तिथं नाही बांधत आता," डाव्या खटक्याकडे बोट करून ती म्हणाली. "तिथं बांधलं का ते चालू होत नाही."

मागच्या वर्षीच्या दोऱ्याबद्दल मी तिच्यापाशी अवाक्षर काढलं नव्हतं.

"मंग ढकलत काहून होती वं आई?"

ती दिव्याची गाठ आवळत राहिली.

"तुले जायचं होतं नं," ती म्हणाली.