कासारणीनं दाबलेला हात

शस्त्रक्रियेत गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजकोश काढले आणि माझी पाळी एका दिवसात संपली. वर्षभरात अंग भरलं. तरी काल कासारणीला मी सवयीनं बांगड्यांचं जुनंच माप सांगितलं, "दोन-चार."

तिनं माझा पंजा नुसता दाबून पाहिला. "नाही ताई, आता दोन-सहा. हात सैल सोडा."

त्याच हाताच्या दंडावर रोज सकाळी मी डॉक्टरांनी दिलेलं हार्मोनचं जेल चोळते. वाटाण्याएवढं जेल, आणि अंगातून उठणाऱ्या वाफा शमतात, झोप परत येते! नसलेल्या अवयवाचं काम कातडी कशी शिकली, याचं मला अजून नवल वाटतं.

वजन मात्र हटून बसलंय. त्याच्याशी मी रोज भांडते. कासारीण भांडली नाही. डझनभर हिरव्या बांगड्या चढल्या, एकही पिचली नाही. घरी पोचेपर्यंत मी हात उगाच हलवत होते.