सरदारबीचा रुसवा

आमच्या वरवंडात कुणी रुसलं की सरदारबीला बोलावणं जातं. सून माहेरी जाऊन बसली, म्हातारा जेवेनासा झाला, भावाभावांनी अबोला धरला, की "चाचीला आणा" एवढंच म्हणायचं. नवऱ्याच्या, वजीरभाईंच्या किराणा दुकानात गल्ल्यापाशी बसणारी ही बाई. तिचं म्हणणं एकच: "उपदेश उभ्या उभ्या करता येतोय. समजूत घालाया बसावं लागतं. समजावताना आपण बोलायचं, समजूत घालताना त्याला बोलू द्यायचं."

यंदा तिची गाठ पडली खंडूमामाशी. आमच्या शेजारच्या वच्छलाबाईंचा हा भाऊ, माळावरच्या वस्तीवर राहणारा. भाचीचं, हर्षदाचं लग्न ठरलं तसा तिच्या वडिलांनी, पोपटरावांनी हायवेला भलामोठा फ्लेक्स लावला. निम्म्या गावाची तोंडं त्यावर. नवरदेवाच्या मित्राची बुलेटसुद्धा झळकली, मुलीचा मामा तेवढा राहिला! पोपटरावांना वाटलं फोटो बायकोनं पाठवला, बायकोला वाटलं नवऱ्यानं. खंडूमामानं जाता जाता तो फ्लेक्स पाहिला आणि लग्नाला येणार नाही असा निरोप धाडला.

आता मुलीला बोहल्यावर आणायचं मामानं, तिच्या पाठीशी उभं राहायचं मामानं. हर्षदानं सरळ सांगून टाकलं, "मामा न्हाई तर मी बी न्हाई." घरात रडारड सुरू झाली. पोपटराव वस्तीवर जाऊन चूक छपाईवाल्याची म्हणून समजावून आले. आमच्या आप्पांनी तासभर उपदेश केला. मामानं दोघांनाही चहा पाजून वाटेला लावलं. लग्न उद्यावर आलं, तेव्हा मी सरदारबीला स्कूटरवर बसवून वस्ती गाठली. मला वाटलं, आता ही गोड बोलून मामाला विरघळवणार.

कसलं काय! ती ओट्यावर बसली ती भिंतीकडं तोंड करून. चहा आला, शिवली नाही.

"चाची, काय झालं?" खंडूमामा गोंधळला.

"मी बी लग्नाला जायाची न्हाई."

"आता तुम्ही का?"

"माझा फोटो कुठं हाय? वच्छला रानात जायाची तवा पोर माझ्या दुकानात गोणपाटावर निजायची. बुलेट लावली, मला न्हाई लावली."

"आवं, इसरली असतील. लग्नाच्या घाईत व्हतं आसं."

"घाईत बुलेट बरी आठवली!"

मामाला हसू आवरेना. आपणही रुसलोय हे विसरून तो तिच्या शेजारी टेकला. "फोटोत काय हाय, चाची? पोरगी तुमची वाट बघंल का न्हाई?"

सरदारबी वळली आणि नुसती त्याच्याकडं बघत राहिली. मामाचं हसणं थांबलं. त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "माझी बी बघत असंल का?"

"कालपासनं जेवली न्हाई ती."

मामा उठला आणि बायकोला पेटीतला फेटा काढायला सांगू लागला. मी मनातल्या मनात सरदारबीला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी मांडवात ती अगदी मागच्या खुर्चीवर बसली होती. मी चेष्टेनं म्हटलं, "काय नाटक केलंत चाची!"

तिनं पदर सारखा केला. "निम्मंच नाटक व्हतं, बाबा."

गावभरची समजूत घालणारी ही बाई. तिची कुणी घालायची, हे आम्हा कुणालाच कधी सुचलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. जवळच पाणी वाटणाऱ्या खंडूमामानंही ते ऐकलं असावं, कारण त्यानं हातातला पाण्याचा जग तिथंच ठेवला.

इकडं माईकवरून पुकारा सुरू झाला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" मामा हर्षदाला घेऊन निघाला तो बोहल्याकडं न जाता थेट मागच्या खुर्च्यांकडं. आणि नव्या धोतरासकट सरदारबीसमोर मातीत बसला.

"समजूत घालाया बसावं लागतं ना? ह्यो बसलो. बोला."

"ऊठ, मुहूर्त चाललाय!"

"जाऊ द्या. चाची आल्याबिगर आमची पोरगी उभी राहायची न्हाई."

हर्षदानं मुंडावळ्या हलवत मान डोलावली. सरदारबी रडत हसली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

मंगलाष्टकं झाली तेव्हा हर्षदाच्या एका खांद्यावर मामाचा हात होता आणि दुसऱ्यावर सरदारबीचा. आम्ही मागून टाकलेल्या अक्षता सरदारबीच्या पदरावरही पडत होत्या. तिनं त्या झटकल्या नाहीत.