डोकं बांधलेली घोडी

त्या दिवशी चेन्नईत पेरुंगुडीच्या आमच्या ऑफिसात वीज गेली, जनरेटरनेही मान टाकली आणि जेवणानंतर सगळ्यांना घरी जायला सांगितलं. मी घरी गेले नाही. गाडी ईस्ट कोस्ट रोडला लावली आणि पागेवर गेले. शनिवार-रविवारी सकाळी जायचा माझा नेम होता. मधल्या वारी, तेही भर दुपारी, मी तिथे कधीच गेले नव्हते.

माझी घोडी तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. तांबूस, लांब पायांची, शर्यतीत मागे पडली म्हणून काढून टाकलेली. चाळिशी उलटल्यावर मी घोड्यावर बसायला शिकले आणि शिकता शिकता तिला विकत घेऊन बसले. ही सगळी किमया आमच्या सरांची. सर म्हणजे पागेचे मालक, सैन्यातून निवृत्त झालेले, सत्तरीचे तमिळ गृहस्थ. तमिळ आणि हिंदी मिसळून बोलत आणि मला 'अम्मा' म्हणत. मी पहिल्यांदा पडले तेव्हा ते माझ्याशेजारी वाळूत मांडी घालून बसले होते, मी आपणहून उठेपर्यंत. उठायची घाई केली नाही, धीराचे चार शब्दही बोलले नाहीत. त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो बसलाच.

पागेत सामसूम होती. घोडी तिच्या ठाणावर होती आणि तिने तोंड पोटाकडे वळवलं होतं. मला वाटलं, माशी हाकलतेय. मी हाक मारली. तिचे कान हलले, पण तोंड सरळ झालं नाही. ती तशीच वाकड्या मानेने जागच्या जागी एकदा गोल फिरली, थांबली, पुन्हा फिरली. जवळ गेले तेव्हा पट्टा दिसला. तोंडातल्या लोखंडी कडीपासून निघालेला तो पट्टा पोटाखालच्या तंगाला करकचून बांधला होता. मान धनुष्यासारखी वाकलेली. अंगावरून घाम निथळत होता आणि ओठाच्या कोपऱ्यातून गुलाबी फेस गळत होता. गुलाबी का, हे कळायला मला एक क्षण लागला.

मी पट्टा सोडायला गेले. बक्कल ताणाने घट्ट बसलं होतं. शेवटी ते सुटलं. घोडीने मान लगेच सरळ केली नाही. ती तशीच वाकडी धरून राहिली, जणू पट्टा अजून होताच.

"अम्मा, आज इकडे कुठे?" मागून सरांचा आवाज आला.

मला वाटलं होतं ते दचकतील, सारवासारव करतील, दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेतील. त्यांनी माझ्या हातातला पट्टा पाहिला आणि अगदी सहज म्हणाले, "थोडा वेळ अजून ठेवायला हवी होती. आज बरी नरम येत होती."

"हे तुम्ही बांधलंत?"

"मग दुसरं कोण बांधणार? ती डोकं वर फेकते, तूच तक्रार केली होतीस ना? मान सैल झाल्याशिवाय डोकं खाली येत नाही. तरुण घोड्याला हे एकदा कळलं की जन्मभर पुरतं."

"तिच्या तोंडातून रक्त येतंय, सर."

"ओढते म्हणून येतंय. ओढायचं नाही हेच तर शिकतेय."

त्यांच्या चेहऱ्यावर रागही नव्हता, लाजही नव्हती. मला वाळूत शेजारी बसून सावरणारा तोच चेहरा होता तो. घोडीला पाणी पाजलं, अंग पुसलं आणि निघाले. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की तो पट्टा अजून माझ्या हातातच आहे.

पागेत माझी एक मैत्रीण होती, डॉक्टर, माणसांची. तिचा पांढरा घोडा माझ्या घोडीच्या शेजारच्या ठाणावर असे. मी तिला फोन करून सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, तुला माहीत नव्हतं?"

पट्टा पाहून बसला नव्हता एवढा धक्का मला त्या वाक्याने बसला.

"सगळ्या नव्या घोड्यांना बांधतात ते," ती म्हणाली. "माझ्याचंही तेच केलं होतं. बघ आता कसा चालतो. तू एवढं मनावर घेऊ नकोस. आणि तिथून हलवायचा विचार तर मुळीच करू नकोस. एवढ्याशा वयात तिचं हे दुसरं ठिकाण. तिसरीकडे नेलीस तर बिथरेल."

तिचं शेवटचं वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच ते डोक्यातून जाईना.

माझा नवरा तंजावरकडच्या मराठी घराण्यातला. त्याचे आजोबा चेन्नईला आले आणि इथेच राहिले. तो एग्मोरला बँकेत आहे. मी साताऱ्याची. आमच्या दोघांच्या मराठीत इतकं अंतर आहे की लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी निम्मं अंदाजानेच समजून घेतलं. घोड्यांशी त्याचं काही देणंघेणं नाही, तो पागेच्या फाटकाच्या आत कधी आला नव्हता. त्या संध्याकाळी मी गप्प गप्प आहे हे पाहून त्याने टीव्ही बंद केला.

"अस्क सांग मला," तो म्हणाला. 'अस्क' म्हणजे त्यांच्या बोलीत 'सगळं'.

मी सगळं सांगितलं. सर किती चांगले आहेत हेही पुन्हा पुन्हा सांगितलं. त्याने तो पट्टा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"सर चांगले आहेत, मान्य," तो म्हणाला. "पण तू मला मघापासून सरांबद्दलच सांगतेस. घोडीबद्दल कधी सांगणार?"

पुढच्या रविवारी मी दुसरी एक पागा पाहायला गेले. महाबलीपुरमच्याही पुढे, सुरूच्या झाडांच्या राईला लागून. तिशीतली एक बाई ती चालवत होती. आत शिरले आणि माझा चेहराच पडला. आमच्या सरांच्या पागेत घोडे आरशासारखे चमकत. इथले चिखलाने माखलेले, आयाळीत काड्या अडकलेल्या, एकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर दुसऱ्याने चावल्याचा व्रण. बंदिस्त ठाणं जवळपास नाहीतच, नुसतं कुंपण आणि पत्र्याची शेड. सगळे एकत्र मोकळे फिरत होते. हे पाहायला एवढ्या लांब आले? मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

पण आलेच आहे तर विचारावं म्हणून विचारलं, "तरुण घोडी डोकं वर फेकत असेल तर तुम्ही काय करता?"

"दात कधी तपासलेत तिचे?" तिने उलट विचारलं.

दात कुणीच तपासले नव्हते. विकत घेताना वय बघण्यापुरते पाहिले असतील तेवढेच.

दोन दिवसांनी त्या बाईंच्या ओळखीचे जनावरांचे डॉक्टर सरांच्या पागेवर आले. मी सरांना आधी सांगितलं होतं, त्यांनी हरकत घेतली नाही. डॉक्टरांनी घोडीचं तोंड उघडून आत बोट फिरवलं आणि माझं बोट धरून तिथे टेकवलं. दाढांच्या पुढे, बरोबर लोखंडी कडी बसते त्या जागी, एक बारीक टोकदार जादा दात होता. भोवतीची हिरडी सुजली होती. लगाम ओढला की कडी त्या दातावर आदळणार. म्हणजे ती डोकं फेकत होती ते हट्टाने नव्हतंच. तिला दुखत होतं. आणि त्या दुखऱ्या दातावरच कडी ओढून धरून तिला बांधलं होतं, ती शहाणी व्हावी म्हणून.

मी बोट बाहेर काढलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

सर पुढे झाले. त्यांनी स्वतः आत बोट घालून पाहिलं. घोडीने त्यांना मुकाट्याने पाहू दिलं. बोट काढून ते कितीतरी वेळ हात तसाच हवेत धरून उभे होते.

"इतक्या वर्षांत," ते शेवटी म्हणाले, "मी किती घोडे बांधले असतील, अम्मा." आणि आत निघून गेले. त्यांना असं पाठ फिरवून जाताना मी कधी पाहिलं नव्हतं.

दात काढला. जखम भरली. घोडीचं डोकं फेकणं पुष्कळ कमी झालं. सर स्वतः रोज तिचं तोंड धुवायचे, औषध लावायचे. आता हलवायची काय गरज, असं मलाही वाटू लागलं. इथे ती रुळली होती, पांढरा घोडा तिचा सोबती होता, सरांना चूक कळली होती. नव्या पागेच्या बाईंना मी फोन करून कळवलं की सध्या राहू दे. नवरा एवढंच म्हणाला, "तुला पटतंय ना, मग झालं."

त्यानंतर काही आठवड्यांनी मी रजा घेतली होती. घोडीला गाजरं द्यायला म्हणून दुपारी गेले. माझी घोडी मोकळी उभी होती. शेजारच्या ठाणावर डॉक्टर मैत्रिणीचा पांढरा घोडा होता. त्याने तोंड पोटाकडे वळवलेलं होतं.

या वेळी मला माशीचा भास झाला नाही. पट्टा लगेच दिसला.

सर बादली घेऊन येत होते. माझी नजर कुठे आहे ते त्यांनी पाहिलं आणि हात वर करून मला आश्वासन दिल्यासारखं म्हणाले, "काळजी करू नकोस, अम्मा. हा पुन्हा डोकं वर करायला लागलाय, पण याचे दात मी तपासून घेतलेत. एकदम ठीक आहेत."

त्यांना खरंच वाटत होतं की मला हेच ऐकायचं असेल. दाताची गोष्ट त्यांना काळजाला लागली होती, त्यात काही खोटं नव्हतं. पण त्यांना त्यातून कळलं होतं ते एवढंच, की बांधायच्या आधी दात पाहावेत.

"सर, मी घोडी हलवते आहे," मी म्हणाले. हे वाक्य बोलायचं मी ठरवलं नव्हतं.

त्यांनी बादली खाली ठेवली. "माझं काही चुकलं का?"

मी पांढऱ्या घोड्याकडे बोट दाखवलं. ते तिकडे पाहून पुन्हा माझ्याकडे पाहू लागले. मी काय दाखवते आहे ते त्यांना दिसलंच नाही.

मैत्रिणीला मी त्याच दुपारी कळवलं. "सरांना माहीत असेल ना काय करायचं ते," ती म्हणाली. घोडा तिचा होता. मी आणखी एकदा बोलून पाहिलं, मग तिने फोन घेणं कमी केलं.

हलवायच्या दिवशी घोडी ट्रकमध्ये चढेना. फळीला पाय लावला की मागे सरायची, एकदा तर पुढचे दोन्ही पाय उचलून उभीच राहिली. नव्या पागेच्या बाईंनी समजूत घातली, मी गाजरं दाखवली, ट्रकवाला घड्याळ बघत राहिला. सर लांब, नारळाखाली उभे होते. शेवटी ते आले. कुणाशी काही बोलले नाहीत. माझ्या हातातली दोरी घेतली, सैल सोडली आणि तिच्याकडे पाठ करून फळीवरून आत चालत गेले. आणि ती त्यांच्या मागोमाग गेली. मान खाली, कान पुढे, नाक त्यांच्या खांद्याला लागेल इतकं जवळ.

ज्या माणसापासून मी तिला दूर नेत होते, त्याच्याच भरवशावर ती ट्रकमध्ये चढली होती. माझं चुकतंय का, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "घोडे असेच असतात. म्हणून तर ठरवायचं काम आपलं."

नव्या जागी पहिले काही आठवडे वाईट गेले. इतर घोड्यांनी तिला पाण्याजवळ येऊ दिलं नाही, ती वाळली, मला मैत्रिणीचे शब्द आठवून झोप येईना. मग हळूहळू एका म्हाताऱ्या घोडीने तिला आपल्याजवळ उभं राहू दिलं आणि तिथून तिचं बस्तान बसलं. आता तीही चिखलाने माखलेली असते, पुठ्ठ्यावर चावल्याचा एक व्रण आहे.

गेल्या पोंगलनंतर सर तिला पाहायला आले. न कळवता, बसने, धोतराची घडी न मोडता. कुंपणापाशी उभे राहून त्यांनी जीभ टाळूला लावून आवाज काढला आणि घोडी कळप सोडून त्यांच्याकडे आली.

"इतकी घाणेरडी ठेवलीस?" ते म्हणाले. त्यांना धक्काच बसला होता. खिशातून रुमाल काढून त्यांनी तिच्या डोळ्यांच्या कडेचा चिखल पुसला, ओठ उचलून दात काढलेली जागा पाहिली.

"अजून डोकं वर फेकते?"

"कधी कधी."

"मग तू काय करतेस?"

"थांबते, सर. काय झालंय ते कळेपर्यंत थांबते."

घोडी त्यांचा रुमाल चघळायला बघत होती, तो त्यांनी सोडवून घेतला. मग म्हणाले की संध्याकाळच्या गर्दीआधी बस मिळायला हवी, आणि मी त्यांना थांब्यापर्यंत सोडायला गेले.