सतरा नंबर रिकामाच राहिला

अगं, ये इकडे, जवळ बस. मघाशी त्याच्या वहीला हसलीस ना? असं हसू नये, बाय. नवी आहेस, म्हणून सांगते.

आपल्या कारखान्यातल्या सगळ्या माणसांची यादी तो कंप्युटरवर सांभाळतो. वाणगावहून येतो आणि डब्याआधी वही उघडतो. पत्ता, बसथांबा, जेवण शाकाहारी की मांसाहारी, अशा प्रत्येक माहितीला त्याने एकेक नंबर दिलाय. मशीन नावं वाचत नाही, नंबरच ओळखतं. काही विचारा, म्हणणार, "थांबा, वही बघू."

मी कँटीन सांभाळते. माझ्याकडची जेवणाची नोंद बंद झाली, तिचा नंबर सतरा. तेव्हाच रक्तगट नव्याने भरायचा होता. साहेब म्हणाले, "सतरा रिकामाय, तोच दे."

तो म्हणाला, "नाय साहेब. एकदा दिलेला नंबर दुसऱ्याला नाय. कुठल्यातरी जुन्या मशीनला सतरा म्हणजे अजून जेवणच असेल."

साहेब तापले. याने शांतपणे बेचाळीस दिला.

गेल्या महिन्यात तारापूरच्या आपल्या जुन्या युनिटची यादी आपल्या यादीला जोडली; मी आधी तिथेच होते, माझंही नाव त्यात. तिथे सतरावर अजून जेवणच! पण सगळं एका दमात जुळलं. माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, अगदी बरोबर. साहेबांचं ऐकलं असतं, तर अपघातात डॉक्टरांना माझं रक्त 'मांसाहारी' दिसलं असतं गं!

आम्ही टाळ्या वाजवल्या. तो मान खाली घालून वहीत रेघ ओढत बसला. दुसऱ्या दिवशी कुणी नवा नंबर मागितला, तर साहेबच म्हणाले, "थांबा, वही बघू."

या रविवारी सातपाटीला घरी ये. तो सुके बोंबील न्यायला येतो, वही पिशवीत असतेच. नीट बघून घे.