एकवीस किलोमीटर आणि गोळाभात

आमच्या साडूंनी जन्मात एकही गोष्ट त्या गोष्टीसाठी म्हणून केलेली नाही. जे करतील ते पुढच्या कशाची तरी तयारी म्हणून. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राहायला बेसा भागात, नोकरी कळमेश्वरच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये, आणि वय असं की माणसानं आता गुडघ्याला तेल लावावं आणि गप्प बसावं. पण कुठल्याशा वाईट मुहूर्तावर त्यांनी मोबाइलवर अल्ट्रा मॅरेथॉन नावाचा प्रकार पाहिला. पारशिवनीकडच्या जंगलाच्या कडेनं पन्नास किलोमीटर पळायचं, तेही स्वतःच्या खर्चानं आणि मागे वाघ लागलेला नसताना! साडूंना जीवनाचा अर्थ कळला आणि आमच्या घराण्याचं स्वास्थ्य गेलं. तेव्हापासून ते करतील त्याला ट्रेनिंग म्हणतात. बँकेत रांगेत नंबर जवळ आला की हे पुन्हा शेवटी जाऊन उभे. पायांना सवय व्हावी म्हणून. लग्नात वरात येईपर्यंत सगळे खुर्च्या धरून बसतात, तर हे मांडवाला फेऱ्या मारतात. एकदा नवरीच्या मामानं त्यांना वाट चुकलेला पाहुणा समजून हाताला धरलं आणि भलत्याच पंगतीत बसवून दिलं. तिथेही ते जेवलेच. जेवणाचंही ट्रेनिंग असतं म्हणे.

नागपूरचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला कूलर म्हणजे काय ते सांगायला नको. साडूंनी ऐन मे महिन्यात कूलर बंद केला. उन्हाचं ट्रेनिंग! ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, दोन दिवस वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी बॅग भरली आणि महाल भागात माहेरी निघून गेल्या. मी समजूत घालायला गेलो, तर हे भर दुपारी डोक्याला दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून गच्चीवर येरझारा घालत होते. मला वरूनच म्हणाले, "साडभाऊ, अल्ट्रामधी कोणी कूलर घेऊन मागं येते का?" मी म्हटलं, "बायको तरी कुठे येते?" त्यावर ते थांबले. दुपट्ट्याच्या टोकानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "हौ. ते तं आहे." मग पुन्हा येरझारा सुरू केल्या, पण पाय ओढत. कारण खरी गोष्ट अशी, की रोज पहाटे निघताना ते ताईंना एकदा विचारायचे, "येतं का वं, कोपऱ्यापर्यंत?" आणि रोज पांघरुणातून एकच उत्तर यायचं, "मले काय येड लागलं?"

शेवटी कूलर लागला आणि ताई परत आल्या. पण लांबच्या पळण्यात पळता पळता खावं लागतं, हे ज्ञान त्यांना झालं त्या दिवसापासून आमच्याकडचा रविवारचा नाश्ताही नासला. हातात तर्री-पोह्याची प्लेट घेऊन हे गल्लीत धावायचे. तर्री म्हणजे चण्याची रस्साभाजी, लालभडक, वर तेलाचा तवंग आलेली. ती ह्यांच्या पांढऱ्या बनियनवर सांडायची आणि समोरून येणाऱ्याला वाटायचं, माणसाला काही लागलं-बिगलं! शेजारच्या काकू एकदा हळद घेऊन धावल्या. साडूंनी न थांबता हळद घेतली आणि पोह्यांवर टाकली.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. पण अल्ट्रावाल्यांनी अट घातली होती, की आधी रस्त्यावरची एक हाफ मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटर, ठरलेल्या वेळेत पुरी केल्याचं प्रमाणपत्र आणा, मगच नाव घेऊ. आणि त्याच सुमारास डॉक्टरांनी साडूंचा गुडघा दाबून पाहून सांगितलं, "एवढी थंडी पळून घ्या. पुढे पळणं बंद." म्हणजे एकच संधी. हे दोन्ही फक्त मला ठाऊक होतं, कारण डॉक्टरांकडे त्यांना स्कूटीवर मीच नेलं होतं. घरी मात्र ते नेहमीच्या तोऱ्यात सांगत सुटले, "हाफ म्हणजे काय? ट्रेनिंग आहे! तिथं काय जिंकाचं आहे?"

आणि मग त्यांनी ती घोडचूक केली. हाफचा रस्ता नेमका सासऱ्यांच्या दारावरून जाणार होता. साडू आठवडाभर आधी महालात गेले आणि लग्नाचं आवतन द्यावं तसं सांगून आले, "आई, रविवारी सकाळी मी इथून जाईन. दारात उभं राहून हात दाखवा फक्त." वर शहाणपणा असा, की अल्ट्रावाले मधेच भातसुद्धा खातात हेही ऐकवून आले. आता आमच्या सासूबाईंना हाफ कळत नाही, अल्ट्रा कळत नाही, पण जावई कळतो. जावई दारावरून जातो आणि आपण हात दाखवायचा? चार लोकांत तोंड दाखवायला जागा राहील का?

रविवारी उजाडताच मी केळी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन स्कूटीवरून मागे. साडू झकास पळत होते, खोटं कशाला बोलू? घड्याळ पाहत होते, श्वास मोजत होते, बराच वेळ हाताशी राखून महालात शिरले. आणि पाहतात तो काय! दारात रांगोळी, पाट मांडलेला, सासूबाई निरांजन घेऊन उभ्या. ते पळता पळताच ओरडले, "आई, वेळ नाही जी!" त्या म्हणाल्या, "दोन मिनटं बसा. सासरच्या दारातून उपाशी जातेत का?" मेहुण्यानं खांदे धरले आणि बसवलंच. ओवाळणं झालं, टोपी झाली, नारळ झाला. मग आलं ताट. गोळाभात! वाफाळता भात, त्यात डाळीचे गोळे, वरून हिंगाच्या फोडणीचं तेल. बाजूनं पळणारी पोरं थांबून फोटो काढायला लागली. साडूंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला हसावं की रडावं कळेना. घास गिळता गिळता म्हणाले, "मस्त झाला, आई."

तेवढ्यात आईच्या मदतीला आदल्या दिवशीच आलेल्या ताई आतून बाहेर आल्या. नवऱ्याच्या पळण्याकडे आजवर ढुंकूनही न पाहिलेल्या ताई. त्यांनी आईच्या हातातली तेलाची वाटी काढून घेतली आणि म्हणाल्या, "आता पुरे वं आई, त्यायले जाऊ दे. उठा जी तुम्ही. उशीर होऊन राहिला ना!" साडू उठले. ताईंनी पायात चपला सरकवल्या, पदर खोचला, बाटली घेतली आणि रस्त्यावर उतरल्या. "चला, मी येते थोडी संगं. नाहीतं पुढं माह्या मावशीचं घर आहे, तेही बसवून घेईल तुम्हाले."

झालं! साडू चार पावलं पळाले. मागे वळून पाहिलं. ताई चपला फटफटवत येत होत्या, लाजत होत्या, हसत होत्या. साडूंनी वेग कमी केला. मग आणखी कमी केला. मग चक्क चालायला लागले. मी स्कूटी आडवी घातली. "अहो, पळा! अजून जमतंय! ताई, तुम्ही बसा मागे." साडूंनी मला हातानं बाजूला व्हायची खूण केली. ताई धापा टाकत म्हणाल्या, "माह्यासाठी थांबू नका जी." हे म्हणाले, "काही नाही वं. ट्रेनिंगच तं आहे."

ते दोघं शेवटच्या कमानीशी पोचले तेव्हा मांडववाले कनाती सोडत होते. झाडूवाल्या बाईंनी तेवढं बाजूला होऊन वाट दिली. ताईंच्या तळव्यांना फोड आले होते आणि त्या विचारत होत्या, "मेडल कुठं भेटते?" परत येताना मी साडूंना गाठून भांडलो. काय केलं हे तुम्ही? एकच तर संधी होती! त्यांनी शांतपणे केळं सोललं. "साडभाऊ, इतकी वर्षं बोलावून राहिलो तिले. आज आली. आता तिले रस्त्यावर टाकून पळू का मी?" आणि मला बजावलं, तिला काही कळता कामा नये. मी शपथेवर गप्प राहिलो, म्हणजे फक्त माझ्या बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ताईंना सगळं ठाऊक होतं. त्या रडल्या, दोन दिवस ह्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे ह्यांच्या आधी तयार होऊन दारात उभ्या राहिल्या.

गुडघा बसायचा तो बसलाच. आता दोघं, साडू हातात काठी घेऊन, बेसाच्या पलीकडे, शेतं लागतात तिथवर चालत जातात. डॉक्टरांपेक्षा ताई कडक. जरा पाय उचलला की, "हळू!" मागच्या महिन्यात एका सकाळी मीही बरोबर होतो. पाठीवर पाण्याच्या पिशव्या लावलेली पाच-सहा पोरं बाजूनं पळत गेली. कोणीतरी सांगितलं, अल्ट्राची तयारी करून राहिले पोट्टे. साडू बोलता बोलता थांबले. पोरं पुढच्या वळणावर दिसेनाशी झाली, तरी हे तिकडेच पाहत होते आणि ताई ह्यांच्याकडे. मी उगीच बुटाची नाडी बांधायला वाकलो. वर पाहिलं तेव्हा ताई साडूंच्या हातातली काठी काढून घेत होत्या.

"त्या वळणापर्यंत जाऊन या," त्या म्हणाल्या. "पळत. मी थांबते इथं."