कडब्यात गुंडाळलेला डबा

गेल्या येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येच्या सणाला, मी कॉलेजातून गावी आले, तेव्हा पिशवी खाली ठेवायच्या आधी घरामागच्या भिंतीवरचे दोन डबे पाहिले. पावसाळ्यात मीच ते टांगले होते. तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे, पुढं लिंबाएवढं भोक, वर झाकण. चिमण्यांसाठी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथं ऐकलेलं काहीतरी घरी करून दाखवावं असं वाटलं होतं. दोन्ही डब्यांत पिल्लं होती आणि खरं सांगायचं तर मला त्याचा फार अभिमान वाटला.

येळवसेनंतर तिसऱ्या दिवशी थंडीची लाट आली. सकाळी हौदातल्या पाण्यात हात घालवेना. पहिल्या डब्यातून आवाज येत नव्हता. शिडी लावून झाकण उघडलं. चार पिल्लं एकमेकांना चिकटून मरून पडली होती. अंगावर नीट पिसंही फुटली नव्हती. डब्याचा पत्रा बोटांना चटका बसावा इतका गार होता.

अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हशीचं दूध काढून आले. घरात मी थोरली, म्हणून तेही मला अक्काच म्हणतात.

"उत्तरेच्या भिंतीला कामून टांगलीस, अक्का?"

"ऊन लागू नये म्हणून."

"ऊन चैतात लागतंय. आता पूस चाललाय."

आमच्याकडं धास्ती उन्हाचीच. पाखरांसाठी काही करायचं म्हटलं की पाणी आणि सावली एवढंच सुचतं. थंडीनं जीव जाईल हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. दुसऱ्या डब्यातली तीन पिल्लं अजून हलत होती. तो डबा उन्हाच्या भिंतीला नेऊ, असं मी म्हणाले.

"न्हाई. जागा बदललीस की मायबाप हुडकत बसतील."

ते शेतात गेले. येळवसेच्या पूजेसाठी उभी केलेली कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, अजून तशीच होती. तिच्यातल्या दोन पेंढ्या त्यांनी सोडून आणल्या आणि पत्रा दिसेनासा होईपर्यंत डब्याभोवती सुतळीनं बांधल्या. भोक तेवढं उघडं ठेवलं. नव्या वासराला गोणपाट गुंडाळतात, तसेच सावकाश त्यांचे हात चालले होते. आत चिमणी बसलेली होती, ती उडाली नाही. तिला काही कळलं असेल का, मला सांगता येणार नाही.

गारठ्यात किडे दिसत नव्हते, म्हणून मी तांदळाच्या कण्या ठेवल्या.

"एवढ्या बारक्याला कणी न्हाई, अळी लागती," अप्पा म्हणाले.

घराला लागूनच्या हरभऱ्यात अळी पडली होती आणि त्याच दिवशी फवारणी करायची होती. अप्पांनी ती पुढं ढकलली. रोज सकाळी ते वाकून अळ्या वेचायचे आणि भिंतीवर आणून ठेवायचे. बांधावरून शेजारचे काका हसले.

"अप्पा, औंदा अळ्यांचंच पीक घ्यायलाव का?"

"व्हय. तुमच्या रानातल्याबी धाडा, कमी पडायल्यात."

चिमणा आणि चिमणी आळीपाळीनं आत-बाहेर करत होती. चिमणा फुगून गोळा झालेला, तरी एक अळी टाकली की लगेच दुसरीसाठी निघायचा. मी दुलईत बसून बघायचे आणि लाज वाटून उठायचे.

आठ दिवसांनी दोन पिल्लं बाहेर पडली. तिसरं आतच मेलं होतं. अप्पांनी ते काढून लिंबाखाली पुरलं. मी विचारलं, "हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? गार लागायलंय ते दिसतंय की."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर रानाच्या वाटेवर मधोमध एक पिल्लू पंख थरथरवत, चोच वासून बसलं होतं. चिमणा त्याला भरवत होता. अप्पा बैल घेऊन त्याच वाटेनं निघाले होते. पिल्लू दिसल्यावर त्यांनी कासरा ओढला आणि दोन्ही बैलांसकट ते तिथंच थांबले. पिल्लाचं पोट भरून ते कुंपणावर जाईपर्यंत.